नेटवरचा ब्लॉक सुधारताना: सरावाच्या नोंदी

व्हॉलीबॉलचा संघ क्लब पातळीचा, नेट पुरुषांचं म्हणजे २.४३ मीटर. आठवड्यातून तीन सत्रं आणि प्रत्येक सत्रात ब्लॉकसाठी, म्हणजे समोरचा फटका नेटवरच हातांनी अडवण्यासाठी, ४० मिनिटं राखून ठेवली. दुखणं नेहमीचंच: समोरच्या स्मॅशरपुढे (फटका मारणाऱ्यापुढे) दोघं उडतात, तरी बॉल एकतर दोघांच्या मधून निघून जातो, नाहीतर हाताला लागून बाहेर पडतो. महिलांच्या २.२४ मीटर नेटवर काम करणाऱ्यांनी उंचीचे आकडे तेवढे बदलून घ्यावेत. पावलं, नजर आणि हात यांचं काम तेच राहतं.

आठवडा १, सोमवार: मोजमाप

सुरुवात नेटपासून केली. मध्यभागी पट्टी लावली तर उंची ४ सेंमी कमी भरली. तार सैल पडून नेट मधोमध लोंबत होतं. नियम असा आहे की मध्यभागी उंची नेमकी हवी, दोन्ही साइडलाइनवर ती सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा फार तर २ सेंमी जास्त चालते. तार ताणून घेतली. हे किरकोळ वाटतं, पण लोंबत्या नेटवर मिडलचा (मधल्या ब्लॉकरचा) हात सहज पलीकडे जातो आणि मॅचमध्ये ताठ नेटवर तोच हात वरच्या पट्टीला अडकतो. सराव सुरू करण्याआधी दर वेळी मोजायचं, असं ठरलं.

मग प्रत्येकाची दोन मापं घेतली. भिंतीलगत उभं राहून दोन्ही हात वर केल्यावर बोटं कुठे पोहोचतात ते एक, आणि हात खांद्याजवळ ठेवून जागेवरून उडी मारल्यावर कुठे पोहोचतात ते दुसरं. बोटांना खडू लावला की भिंतीवर खूण उमटते. माप दोन्ही हातांनीच घ्यावं. एका हाताने खांदा तिरका करून काही सेंमी जास्त मिळतात, पण ब्लॉकमध्ये ते उपयोगाला येत नाहीत.

दोन फोन लावले. एक खांबाच्या बाजूला, नेटच्या वरच्या पट्टीच्या उंचीवर, नेटच्या रेषेत बघणारा. यात हात आणि नेट यांच्यातली फट दिसते. दुसरा कोर्टाच्या मागे मध्यभागी, उंचावर. यात पावलं दिसतात. दोन्ही सेकंदाला ६० फ्रेमवर.

नोंदतक्त्यात प्रत्येक ब्लॉकसाठी पाच रकाने ठेवले: थेट पॉइंट, हाताला लागून आपल्या बाजूला उचलता येईल असा बॉल, ब्लॉकआउट (हाताला लागून बाहेर पडलेला बॉल), ब्लॉक आणि नेटच्या मधून खाली पडलेला बॉल, अजिबात न लागलेला बॉल.

सामानाचा खर्च नावापुरताच: खडू, जमिनीवर चिकटवायची रंगीत टेप, इलॅस्टिक दोरी, बोटांना बांधायची टेप. खरा खर्च वेळेचा आहे. ४० मिनिटांचा व्हिडिओ नीट बघायला त्याहून जास्त वेळ बसावं लागतं आणि ते काम एकावर ढकलून चालत नाही. प्रत्येक ब्लॉकरने स्वतःचा बघावा.

आठवडा १, शुक्रवार: व्हिडिओत काय दिसलं

सगळ्यात भरलेला रकाना ‘अजिबात न लागलेला बॉल’. त्यातले बहुतेक समोरच्यांच्या चार नंबरच्या (नेटजवळच्या डाव्या कोपऱ्यातल्या) उंच बॉलवरचे, म्हणजे आपल्या दोन नंबरच्या (उजव्या कोपऱ्यातल्या) ब्लॉकरसमोरचे. क्विकवर (नेटजवळ मधे दिलेल्या ठेंगण्या, झटपट बॉलवर) मार खातोय असं सगळ्यांना वाटत होतं. पण क्विक हातून सुटणं समजण्यासारखं आहे. अँटेनाकडच्या (नेटच्या कडेला साइडलाइनवर उभ्या काठीकडच्या) उंच बॉलला वेळ भरपूर असतो, तिथे दोन जणांचा ब्लॉक उभा राहिलाच पाहिजे.

तरीही पहिला निर्णय उडी वाढवण्याचा झाला.

आठवडा २: उडीवर गेलेला वेळ

हा आठवडा जवळपास पूर्ण वाया गेला, म्हणून तपशील देतो. बॉक्सवर चढ-उतार उड्या, एका पायावरच्या उड्या, वर ब्लॉकच्या सलग उड्या, सगळं एकाच आठवड्यात. शुक्रवारी दोघांच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलं आणि त्यांना उड्यांतून बाहेर ठेवावं लागलं. उडी आठवड्याभरात वाढत नाही, त्याला महिने लागतात आणि हळूहळू भार वाढवावा लागतो. हे माहीत असूनही संघ घाई करतात, कारण उडी मोजता येते आणि पावलं मोजायची सवय नसते.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट झालं. ब्लॉकची उडी ५० सेंमीची धरली, तर जमिनीपासून सर्वोच्च बिंदूपर्यंत जायला साधारण ०.३२ सेकंद लागतात. त्या बिंदूपासून ०.२ सेकंद लवकर किंवा उशीर झाला की हात सुमारे २० सेंमी खाली असतात. सहा महिने घाम गाळून उडीत ५ सेंमी मिळतील. वेळ चुकली की त्याच्या चौपट एका क्षणात जातात. बाजूला सरकण्याचंही तसंच. बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंमी, म्हणजे व्यास २१ सेंमीच्या आसपास. ब्लॉकर हवेत ३० सेंमी वाहत गेला तर अख्खा बॉल जाईल एवढं भोक पडतं.

त्यामुळे क्रम बदलला: आधी पावलं, मग हात, मग नजर, शेवटी दोघांचा ब्लॉक. उडीसाठी जिममधले स्क्वॉट चालू ठेवले, कोर्टावरच्या जादा उड्या बंद. एका सत्रात पूर्ण ताकदीच्या ब्लॉक उड्या प्रत्येकी ३० च्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, बाकी पावलांचं काम उडीशिवाय.

आठवडा ३, सोमवार: उभं राहणं

नेटपासून अंतर: कोपर अंगाला लावून हात पुढे केल्यावर बोटं नेटला जेमतेम टेकतील एवढं. काही जण याच्या दुप्पट लांब उभे राहत होते, कारण नेटला हात लागेल ही भीती. लांबून उडी मारली की हात नेटपर्यंत पोहोचतात पण पलीकडे जात नाहीत, आणि बॉल मधल्या फटीतून आपल्याच पायाशी पडतो. तक्त्यातला चौथा रकाना मुख्यतः इथून भरतो.

हात चेहऱ्याच्या उंचीवर, खांद्यांच्या किंचित पुढे, तळवे नेटकडे, कोपर समोर. हात कमरेशी ठेवून उभा राहणारा ब्लॉकर क्विकवर हमखास उशिरा पोहोचतो, कारण हातांना तेवढं अंतर जास्त कापायचं असतं. गुडघे थोडेच वाकवायचे, वजन चवड्यावर. फार खाली बसून राहिलं तर पहिलं पाऊल जड पडतं.

आठवडा ३, बुधवार: तीन पावलं

सगळ्यात जास्त वेळ इथे दिला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला.

मिडल तीन नंबरवरून (नेटच्या मधोमधून) उजवीकडे, दोन नंबरकडे जातो तेव्हाचा क्रम: उजवं पाऊल, त्याच्या पुढून डावं पाऊल, पुन्हा उजवं पाऊल टेकवून उडी. डावीकडे जाताना याच्या उलट. एक-दीड मीटरपर्यंत साधी साइड स्टेप पुरते, त्यापलीकडे हीच तीन पावलं.

व्हिडिओत तीन गोष्टी दिसल्या.

पहिलं पाऊल जागच्या जागी पडत होतं. पाय उचलला जातो, पण अंतर कापलं जात नाही. काही जण तर आधी उलट्या दिशेला वजन टाकून मग निघत होते. उपाय: सुरुवातीच्या जागेवर एक टेप आणि तिथून ६० सेंमीवर दुसरी. पहिलं पाऊल दुसऱ्या टेपच्या पलीकडे पडलंच पाहिजे. पाऊल लहान असलं तरी चालेल, पण ते जायच्या दिशेलाच हवं.

दुसरं, म्हणजे पुढून जाणारं पाऊल लांब हवं. इथे कंबर जायच्या दिशेला वळते आणि ती वळू द्यावी. नेटला समांतर राहून पळायचा हट्ट धरला तर पाय पायात अडकतात. धावताना नजर मात्र नेटपलीकडेच.

तिसरं पाऊल ब्रेकचं. बाहेरचा पाय टेकताना पंजा नेटकडे वळलेला हवा. पंजा साइडलाइनकडे राहिला की सगळा वेग उडीत बाजूला जातो आणि ब्लॉकर अँटेनाकडे वाहतो. हे तपासायला पायांच्या तळव्यांना खडूची पूड लावली. उडीपूर्वीच्या पावलांचे ठसे आणि उतरल्यावरचे ठसे यांत एक पाऊलभर अंतर चालतं, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला ठसे पाहून खेळाडूच चकित झाले. आपण सरळ वर उडतो असं प्रत्येकाला वाटत असतं.

ड्रिल असं: बॉल नाही. मध्यावरून उजवीकडे, परत मध्यावर, मग डावीकडे, परत मध्यावर. सहा फेऱ्या झाल्या की मिनिटभर विश्रांती, असे तीन संच. पहिले दोन संच उडीशिवाय, फक्त ब्रेक लावून हात वर. तिसऱ्यात उडी. वेग आधी निम्मा ठेवा. पूर्ण वेगाने सुरू केलं की जुनी पावलं परत येतात, आणि तेच झालं. दुसरा संच थांबवून पुन्हा चालत करून घ्यावा लागला.

आठवडा ३, शुक्रवार

पावलं उडीशिवाय, मग उडीसह. उतरताना दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकवून. बाजूला वाहणारे ब्लॉकर एका पायावर उतरतात आणि सहकाऱ्याच्या किंवा समोरच्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळतो तो इथेच. वाहणं थांबलं की हाही धोका कमी होतो.

आठवडा ४, सोमवार: हात

बॉक्स आणला, ६५ सेंमी उंचीचा. त्यावर उभं राहून कोच नेटपलीकडून मारणार. बॉक्सची नेटकडची कड नेटपासून किमान ७५ सेंमी लांब ठेवा, ब्लॉकरचा पाय पलीकडे गेला तर बॉक्सवर पडता कामा नये.

आधी बॉलशिवाय, भिंतीसमोर नाही तर नेटसमोरच. हात वर नेताना कोपर समोरून सरळ वर जातात, मागून गोल फिरून नाही. मागून फिरवलेले हात वरून खाली येताना नेटच्या पट्टीवर आदळतात. हात पट्टीच्या वर गेले की खांदे कानांकडे उचलून पुढे ढकलायचे. हालचाल खांद्यातून होते. मनगटाने बॉलवर फटका मारायची सवय काहींना होती आणि ती मोडायला वेळ गेला. फटका मारणारा हात बॉल येईपर्यंत एकतर खाली गेलेला असतो किंवा दोन हातांत फट पडलेली असते.

बोटं ताठ आणि पसरलेली, अंगठे वरच्या दिशेला. दोन्ही हातांतलं अंतर बॉलच्या व्यासापेक्षा कमी. दोन्ही तळव्यांचा रोख समोरच्या कोर्टाच्या मध्याकडे.

इलॅस्टिक दोरीचा प्रयोग: नेटच्या समांतर, पलीकडच्या बाजूला, पट्टीपासून २० सेंमी पुढे आणि १५ सेंमी वर दोरी ताणली. ब्लॉकरने नेटला न लागता दोरीला तळवे टेकवायचे. पहिल्या दिवशी फसला. दोरी नेटच्या खांबांनाच बांधली होती, त्यामुळे ती नेटच्या बरोबर वर आली आणि सगळे नुसते वर हात करून तिला स्पर्श करू लागले, म्हणजे चुकीचीच सवय. पलीकडे दोन वेगळे स्टँड उभे केले तेव्हा उपयोग झाला.

ज्यांची बोटं उडीनंतर पट्टीच्या १५-२० सेंमीच वर जातात, त्यांना हात पलीकडे घालायचा आग्रह सोडला. हात पुढे झुकवले की उंची आणखी कमी होते आणि बॉल वरून निघून जातो. त्यांनी हात सरळ वर, तळवे किंचित मागे कलते ठेवायचे. बॉल हाताला लागून वर उडतो, वेग मरतो, मागचे खेळाडू तो उचलतात. ब्लॉकचा स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजला जात नाही, त्यामुळे पुढे पूर्ण तीन स्पर्श हाताशी राहतात. पॉइंट मिळाला नाही तरी हा ब्लॉक यशस्वीच धरायचा. तक्त्यात दुसरा रकाना म्हणूनच ठेवला आहे.

आठवडा ४, बुधवार: बोटं

करंगळीच्या दोन दुखापती, दोन्ही सैल बोटांमुळे. ढिल्या बोटांच्या टोकावर बॉल बसला की सांधा दाबला जातो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र टेप करून खेळता येतं, पण सांधा वाकडा दिसत असेल किंवा सूज लगेच चढली असेल तर टेप करून ढकलू नये, डॉक्टरांना दाखवावं. पुढच्या सत्रांत बॉक्सवरून मारताना सुरुवातीचे बॉल निम्म्या जोराने, थेट तळव्यांवर. बॉलमधली हवाही तपासा. नियमातला दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंमी आहे. दगडासारखा फुगवलेला बॉल बोटं मोडतो आणि ब्लॉकवरून उडतोही वेगळा.

आठवडा ५, सोमवार: नजर

पावलं आणि हात सुधारले, पण खऱ्या पासवर खेळताना मिडल पुन्हा उशिरा. व्हिडिओत पहिलं पाऊल पडतंय बरोबर, पण निघतंय उशिरा. कारण नजर बॉलच्या मागे फिरत होती. बॉल रिसीव्हरकडून (पहिला बॉल उचलणाऱ्याकडून) सेटरकडे (स्मॅशरला बॉल उचलून देणाऱ्याकडे), सेटरकडून वर, वरून स्मॅशरच्या हातात, असा सगळा प्रवास ब्लॉकर बघत बसतो, आणि स्मॅशर कुठून येतोय हे त्याला शेवटच्या क्षणी कळतं.

नजरेचा क्रम असा बसवला: पासचा बॉल, मग सेटर, मग पुन्हा बॉल, मग स्मॅशर.

पास हवेत असतानाच तो कुठे पडणार हे दिसतं. पास नेटजवळ आणि चांगला असेल तर सेटरकडे सगळे पर्याय आहेत, मिडलने क्विकवर लक्ष ठेवावं. पास तीन मीटर रेषेच्या मागे गेला तर क्विकची शक्यता कमी, मिडलने मनाने बाजूला निघायची तयारी ठेवावी. सेटर पुढच्या रांगेत असेल तर तो दुसऱ्याच स्पर्शाला बॉल पलीकडे टाकू शकतो, हे आधीच ओरडून एकमेकांना सांगायचं.

मग नजर सेटरच्या हातांवर आणि कंबरेवर. बॉल कपाळासमोर घेतला की पुढे, डोक्याच्या मागे घेऊन पाठ कमानीत गेली की मागे. चांगले सेटर हे लपवतात, म्हणून अंदाजावर पाऊल टाकायचं नाही. बॉल हातातून सुटताना दिशा दिसते, पाऊल तेव्हाच. दिशा कळली की बॉल सोडून द्यायचा आणि स्मॅशर बघायचा: धावण्याचा कोन, खांद्याचा रोख, हात. शेवटपर्यंत डोळे उघडे. समोरून घेतलेल्या व्हिडिओत अर्धे ब्लॉकर फटक्याच्या क्षणी डोळे मिटताना दिसले. हलक्या बॉलवर सराव वाढवला की ही भीती जाते.

ड्रिल: सेटर तीन ठिकाणी बॉल देणार, ब्लॉकरने बॉल सुटताच ‘चार’, ‘तीन’ किंवा ‘दोन’ ओरडायचं आणि मगच हलायचं. पहिल्या दिवशी सगळे झटपट ओरडत होते आणि निकाल छान दिसत होता. फोनमधला आवाज आणि चित्र जुळवून पाहिल्यावर कळलं की निम्म्या वेळा आवाज बॉल सुटण्याआधीच येतोय, म्हणजे अंदाज. त्यानंतर सेटरला सांगितलं की अंदाज ऐकू आला तर मुद्दाम उलट्या बाजूला द्यायचा. अंदाज बांधणं त्याच सत्रात थांबलं.

आठवडा ५, शुक्रवार: उडीची वेळ

बॉल नेटजवळ आणि उंच असेल तर स्मॅशर उडाल्यानंतर, त्याचा हात मागे जाऊन पुढे निघतो तेव्हा ब्लॉकरने उडायचं. बॉल नेटपासून दोन मीटर मागे असेल तर त्याहूनही उशिरा. २० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या बॉलला ते दोन मीटर कापायला ०.१ सेकंद लागतो, आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओत तो सहा फ्रेम दिसतो. क्विकवर मात्र स्मॅशरबरोबरच, थोडेच गुडघे वाकवून.

तपासायची रीत: बॉल ब्लॉकच्या रेषेत आला त्या फ्रेमवर थांबा आणि ब्लॉकर वर जातोय की खाली येतोय ते बघा. आमच्याकडे बहुतेक सगळे खाली येताना दिसले. सगळे लवकर उडत होते. ‘उशीर होतोय’ म्हणून कोर्टाबाहेरून जो ओरडा होतो, त्याने हा दोष वाढतो. उशीर पावलांचा असतो, आणि ओरडा ऐकून खेळाडू उडी लवकर मारतो. दोन्ही वेगवेगळं सांगा: ‘पाय लवकर’, ‘उडी थांबून’.

आठवडा ६, सोमवार आणि बुधवार: दोघांचा ब्लॉक

नियम एकच ठेवला: ब्लॉक बाहेरचा (साइडलाइनकडचा ब्लॉकर) लावतो, मिडल त्याला येऊन मिळतो. जागा ठरवायचं काम बाहेरच्याचं. स्मॅशरचा मारणारा खांदा आणि बॉल यांच्यासमोर तो उभा राहतो, लाइन (साइडलाइनलगतचा सरळ फटका) अडवायची की क्रॉस (तिरका फटका) हे आधी मागच्या डिफेन्सशी ठरलेलं असतं.

दोन नंबरचा ब्लॉकर मिडलला मदत म्हणून फार आत उभा राहत होता आणि अँटेनाकडे पोहोचताना वाहत जात होता. सुरुवातीची जागा साइडलाइनपासून दीड ते दोन मीटरवर आणली. समोर क्विक जोरदार असेल तर आत सरकावं लागतं, पण तेव्हा बाहेरच्यालाही तीन पावलं यावी लागतात.

मधली फट बंद होत नव्हती. मिडल पोहोचतोय, पण हात बाहेरच्याच्या हातापासून फूटभर लांब. कारण सापडायला दोन सत्रं गेली. मिडल बाहेरच्याच्या डोक्याकडे बघून अंतर मोजत होता आणि टक्कर टाळायला अलीकडेच ब्रेक लावत होता. त्याला सांगितलं की तिसऱ्या पावलाचं लक्ष्य बाहेरच्याचा आतला पाय, त्याच्यापासून एक पाऊल सोडून. आणि बाहेरच्याला सांगितलं की एकदा जागा घेतली की हलायचं नाही. तो हलत असेल तर मिडलला लक्ष्यच राहत नाही.

मिडल पोहोचू शकत नसेल तर? हात आडवा फेकायचा नाही. आडव्या हाताला लागलेला बॉल कुठेही जातो, कोणालाच तो उचलता येत नाही. जिथे आहे तिथून सरळ वर उडायचं. फट राहते, पण मागच्या खेळाडूला ती फट दिसते आणि तो तिथे उभा राहतो.

आठवडा ६, शुक्रवार: ब्लॉकआउट

बाहेरचा हात कोर्टाच्या आत वळवणं, एवढंच बहुतेक ब्लॉकआउटवर औषध आहे. दोन नंबरवर उजवा तळवा, चार नंबरवर डावा. तळवा सरळ समोर राहिला की स्मॅशर त्यावर घासून बॉल बाहेर काढतो. वळवताना हात मागे खेचला जातो आणि नेटजवळ फट पडते, म्हणून आधी पलीकडे घालून मग मनगटातून वळवायचा.

अनुभवी स्मॅशर उंच बोटांवर मारून बॉल मागे घालवतात. तिथे शेवटच्या क्षणी हात काढून घेण्याचा प्रयत्न करून पाहिला. हात काढण्याच्या नादात साधे बॉलही सुटू लागले, म्हणून या टप्प्यावर तो सोडून दिला.

आठवडा ७, सोमवार: सहा विरुद्ध सहा

ब्लॉक चांगला लागू लागला तसे समोरचे ड्रॉप (ब्लॉकवरून हलकेच टाकलेला बॉल) टाकू लागले. ब्लॉकमागे दोन-तीन मीटरवर कोण, हे ठरलेलं नव्हतं आणि प्रत्येक ड्रॉप जमिनीवर. हे काम ब्लॉकमध्ये नसलेल्या पुढच्या खेळाडूकडे दिलं. मागच्यांना ब्लॉकच्या सावलीतून बाहेर काढलं. ब्लॉक लाइन बंद करत असेल तर लाइनवर खोल उभा राहणारा वाया जातो, त्याने आत यावं.

क्विकवर मिडलने स्मॅशरबरोबरच उडी मारायची, की बघून मग जायचं? बघून जाणंच कायम ठेवलं. बरोबर उडी मारून क्विक अडतो खरा, पण बॉल बाजूला गेला तर अँटेनाजवळ बाहेरचा एकटा पडतो. अपवाद एक: पास अचूक आहे आणि समोरचा सेटर त्या रोटेशनमध्ये (खेळाडूंच्या त्या फिरत्या मांडणीत) वारंवार क्विकच देतोय, तर एखाद्या बॉलसाठी ठरवून उडी. ते आधी खुणेने सांगायचं, म्हणजे बाजूचे दोघे एकट्याने ब्लॉक करायला तयार राहतात.

आठवडा ७, बुधवार: फाउल

रेफ्री बसवून खेळलं की कुठे पॉइंट जातात ते दिसतं. उतरताना छाती किंवा कोपर नेटला लागणं सगळ्यात जास्त. दोन अँटेनांमध्ये, बॉल खेळण्याच्या क्रियेत नेटला स्पर्श म्हणजे फाउल, आणि त्या क्रियेत उडी आणि उतरणं दोन्ही येतं. बॉल नेटवर आदळून नेट अंगाला लागलं तर फाउल नाही.

समोरचा सेटर नेटवर दुसरा बॉल देत असताना पलीकडे हात घालून तो अडवला गेला. पलीकडच्या बाजूला बॉलला हात लावायचा तो समोरच्याने आक्रमणाचा फटका मारल्यानंतरच. मागच्या रांगेतल्या सेटरने ब्लॉकमध्ये हात वर करून बॉलला स्पर्श केला, तोही फाउल. लिबेरोला (फक्त मागच्या रांगेत खेळणाऱ्या बचावपटूला) तर ब्लॉकचा प्रयत्नही करता येत नाही. सर्व्हिस ब्लॉक करायला १९८४ पासून बंदी आहे.

पायाचा पंजा मध्यरेषेपलीकडे गेला तरी त्याचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर हवेत असेल तर चालतं. तरी सरावात रेषा ओलांडू द्यायची नाही, घोट्यांसाठी.

आठवडा ८, शुक्रवार: पुन्हा मोजमाप

भिंतीवरची मापं पुन्हा घेतली. उडी जवळपास तीच. तक्ता मात्र वेगळा: न लागलेल्या बॉलचा रकाना आकसला आणि दुसरा रकाना, हाताला लागून आपल्या बाजूला राहिलेला बॉल, सगळ्यात मोठा झाला. थेट पॉइंट थोडेच वाढले. हा बदल डिफेन्सला ताबडतोब जाणवला, कारण वेग मेलेला बॉल सेटरपर्यंत नीट जातो.

अजून जमत नाही ते: मिडलने क्विकसाठी उडी मारल्यानंतर उतरून पुन्हा बाजूला जाणं. तिथे पहिलं पाऊल परत जागच्या जागी पडतंय. डावीकडची तीन पावलं उजवीकडच्यापेक्षा कच्ची आहेत, खडूच्या ठशांत अजून दीड पाऊल अंतर दिसतं. तिघांचा ब्लॉक सुरूच केलेला नाही. पुढच्या सोमवारी ६० सेंमीची टेप परत लावायची, या वेळी डाव्या बाजूला, आणि क्विकची उडी मारून उतरल्यावर तिथूनच पहिलं पाऊल मोजायचं.